परवान्याचं हत्यार गाडीत ठेवायची वेळ आली तर: क्रमाने काय करायचं, कुठे चुकतं

सोलापूर शहर आणि जिल्ह्यात ज्यांच्याकडे शस्त्रपरवाना आहे, त्यांत सराफ आहेत, व्यापारी आहेत, वस्तीवर राहणारे बागायतदार आहेत, रोकड गाडीवर काम करणारे माजी सैनिक आहेत. या सगळ्यांपुढे एक अडचण कधी ना कधी येते. हत्यार कमरेला आहे आणि समोर असं दार आहे जिथून ते आत नेता येत नाही: न्यायालय, जिल्हाधिकारी कार्यालय, मुलांची शाळा, मंगल कार्यालय. मग माणूस गाडीत परत येतो, फाटकासमोरच रिव्हॉल्व्हर काढतो, डॅशबोर्डच्या कप्प्यात सारतो आणि निघून जातो. बघणाऱ्याने बघितलेलं असतं. काच फोडायला काही सेकंद लागतात आणि कप्प्याचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने उघडतं.

यात बहुतेक चुका क्रमाच्या असतात. जे घरी करायचं ते पार्किंगमध्ये केलं जातं आणि जे आधीच बसवून ठेवायचं त्याची आठवण गाडी लावल्यावर होते. म्हणून खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. गाडी ही हत्यार साठवायची जागा नाही. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हत्यार पूर्ण झाकलेलं असावं आणि त्यावर परवानाधारकाचा प्रत्यक्ष ताबा असावा. त्यामुळे उभ्या गाडीत हत्यार ठेवून जाणं हा नाइलाजाचा, थोड्या वेळाचा उपाय समजायचा. हे मार्गदर्शन त्या थोड्या वेळापुरतंच आहे. आपल्या परवान्यावर काही खास अटी असतील तर त्या आधी वाचा. शंका असेल तर शहरात पोलीस आयुक्तालयाच्या आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवाना शाखेत लेखी विचारा.

पायरी १: न्यायचंच आहे का, हे घरी ठरवा

आदल्या रात्री दिवसाच्या कामांची यादी मनाशी काढा. त्यात एक जरी ठिकाण असं असेल जिथे हत्यार आत चालत नाही, तर ते घरच्या तिजोरीतच राहू द्या. गाडीत ठेवण्याचे जे उपाय पुढे सांगितले आहेत, त्या सगळ्यांपेक्षा हा एक निर्णय जास्त सुरक्षित आहे.

काही प्रसंगी तर विचारही करू नका.

जत्रा, मिरवणूक, सभा यांत हत्यार नेऊ नये अशी अट परवान्यातच असते. संक्रांतीची सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, आषाढी-कार्तिकीला पंढरपूर, गर्दीच्या दिवशी अक्कलकोट, नवरात्रात तुळजापूर इथे जायचं असेल तर हत्यार घरी ठेवा. "मी आत नेणार नाही, गाडीत ठेवेन" हा युक्तिवाद चालत नाही. अशा दिवशी गाड्या शेतातल्या तात्पुरत्या तळावर लागतात. तिथे कोण फिरतंय हे कोणी बघत नाही आणि तुम्ही चार-पाच तास परतत नाही.

लग्नाचंही तेच. आनंदाच्या भरात हवेत गोळी झाडणं हा २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. लग्नाला हत्यार नेण्याचं कारणच नसेल, तर ते कार्यालयाबाहेरच्या गाडीत ठेवायचा प्रश्नही उरत नाही.

बार्शीच्या रस्त्याने जाणाऱ्यांनी नान्नजच्या माळढोक अभयारण्याचं भान ठेवावं. अभयारण्याच्या हद्दीत हत्यार घेऊन शिरायला वन्यजीव संरक्षण कायद्याखाली पूर्वपरवानगी लागते. गाडी आत वळवून, हत्यार डिकीत ठेवून पक्षी बघायला जाणं हाही भंगच होतो. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांसाठी तर वनखात्याकडे वेगळी नोंदणीही सांगितली आहे. त्या भागातल्या शेतकऱ्यांनी ती झाली आहे का ते बघावं.

बाहेरगावी मुक्काम असेल आणि घरी कोणी नसेल, तर सुरक्षित ताब्यात ठेवून घेण्याचा परवाना असलेल्या शस्त्र विक्रेत्याकडे हत्यार जमा करता येतं. पावती घ्या आणि पावतीवर हत्याराचा नंबर आणि राउंडची (काडतुसांची) संख्या तिथेच तपासा. रात्रभर लॉजच्या आवारातल्या गाडीत हत्यार ठेवणं कोणत्याही कारणाने करू नका.

तपासा: हत्यार बरोबर नेण्याचं आजचं कारण एका वाक्यात सांगता येतं का? "नेहमी असतंच" हे कारण होत नाही.

पायरी २: कागद आणि हद्द

मूळ परवाना बरोबर असावा, पण हत्याराच्या पेटीत नसावा. पेटी गेली तर परवानाही जातो आणि मग तक्रार देताना हत्याराचा नंबरही आठवत नाही. परवाना खिशात किंवा पाकिटात ठेवा.

घरी एका वहीत लिहून ठेवा: हत्याराचा प्रकार, बोर (नळीच्या आतल्या व्यासाचं माप), बनावट (कोणत्या कंपनीचं), त्यावर कोरलेला नंबर, परवाना क्रमांक, परवान्यावरचा यूआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक) आणि हातात असलेल्या राउंडची संख्या. राउंड वापरले की वही दुरुस्त करा. हत्याराचे दोन स्पष्ट फोटो काढा, एक पूर्ण आणि एक नंबरचा. हे फोटो मोबाईलमध्ये स्वतःपुरते ठेवा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर हत्याराचा फोटो टाकणं म्हणजे ते तुमच्याकडे आहे हे गावाला कळवणं.

आता हद्द. सोलापूर सीमेवरचा जिल्हा आहे आणि इथे ही चूक सहज होते. परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर विजयपूरच्या रस्त्याने टाकळीचा भीमेवरचा पूल ओलांडला की तुम्ही हद्दीबाहेर गेलात. अक्कलकोटहून कलबुर्गीकडे जाताना किंवा हैदराबादच्या महामार्गाने उमरग्याच्या पुढे जातानाही तेच होतं. हत्यार गाडीत कुलपात होतं, म्हणून हद्दीबाहेर नेलं असं होत नाही, अशी समजूत अनेकांची आहे. ती चुकीची आहे. परवान्यावर क्षेत्र काय लिहिलंय ते आज उघडून बघा.

पायरी ३: पेटी निवडा

डॅशबोर्डचा कप्पा, सीटखालची जागा, दरवाजाचा खण, स्टेपनीचा खळगा, सीटच्या कव्हरची मागची पिशवी: चोर गाडीत शिरल्यावर याच जागा आधी चाचपतो. लपवणं आणि सुरक्षित ठेवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. लपवलेली वस्तू सापडली की गेली. म्हणून पेटी हवी.

पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हरसाठी पेटी अशी बघा:

- पत्रा साधारण दोन मिलिमीटर जाडीचा पोलादी. बाजारातल्या हलक्या गल्ल्याच्या पेट्यांचा पत्रा हाताने वाकतो, त्या घेऊ नका.
- बिजागरी आतल्या बाजूला. बाहेर दिसणाऱ्या बिजागरीची पिन ठोकून काढता येते.
- झाकण आणि पेटी यांच्यामध्ये पटाशी शिरेल एवढी फट नको.
- तळाला बोल्टसाठी भोकं आणि बाजूला पोलादी दोरासाठी सोय.
- कुलूप चावीचं किंवा यांत्रिक आकड्यांचं. बॅटरीवरचं कुलूप घेतलंत तर आणीबाणीची चावी वेगळी ठेवा. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि बंद गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त तापतं. बॅटरी त्या उष्णतेत लवकर खराब होते आणि नेमक्या वेळी पेटी उघडत नाही.

शहरातल्या चांगल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून अशी पेटी बनवूनही घेता येते. बनवून घेताना ती कशासाठी आहे हे सांगायची गरज नाही, कागदपत्रांची पेटी म्हणा. पेटीवर कंपनीचा स्टिकर, बंदुकीचं चित्र, रेजिमेंटचं चिन्ह असं काही लावू नका. गाडीच्या काचेवरही नको.

राउंडसाठी दुसरी, छोटी पण कुलपाची पेटी घ्या. ती गाडीत वेगळ्या जागी बसवायची.

बारा बोरची डबल बार (दोन नळ्यांची बंदूक) असेल तर तिला लांब पेटीची गरज नसते. डबल बार सुटी होते: पुढचं लाकूड निघतं, नळ्या वेगळ्या होतात, दस्ता वेगळा. सुटी करून आखूड पेटीत ठेवली की तिच्या आकारावरून कोणाला संशय येत नाही. पुढचं लाकूड राउंडच्या पेटीत ठेवा, म्हणजे मोठी पेटी चोराच्या हाती लागली तरी त्याला बंदूक नीट जुळवता येत नाही. पंप ॲक्शनची (पुढचं लाकूड मागे-पुढे सरकवून भरायच्या बंदुकीची) नळी काढता येते, पण सगळेच परवानाधारक ते नीट करू शकत नाहीत. सवय नसेल तर पंप ॲक्शन गाडीत सोडून कुठे जाऊच नका.

पायरी ४: पेटी गाडीत पक्की बसवा

सुटी पेटी म्हणजे चोरासाठी मूठ लावलेली बॅगच आहे. तो ती उचलून नेतो आणि निवांत जागी फोडतो. पेटी गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असेल तरच तिचा उपयोग.

कुठे बसवायची? ज्या गाडीला स्वतंत्र बंद डिकी आहे तिथे डिकीत. हॅचबॅकला आणि बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या गाड्यांना तशी डिकी नसते, मागची सीट पाडली की सगळं उघडं. तिथे पुढच्या सीटखालची जागा बरी, कारण तिथे हात घालून ताकद लावायला चोराला वाव मिळत नाही.

सेडानवाल्यांनी एक गोष्ट आजच बघावी. ड्रायव्हरच्या सीटजवळ डिकी उघडायचा खटका किंवा बटण असतं. काच फोडून तो ओढला की डिकी उघडते. म्हणजे डिकी बंद आहे एवढ्यावर समाधान नको, आतली पेटीही बोल्टने जोडलेली हवी.

बसवताना क्रम असा ठेवा:

१. पेटी रिकामी ठेवून जागेवर मांडून बघा. सीट पुढे-मागे पूर्ण सरकते का, झाकण पूर्ण उघडतं का, हे बघा.

२. भोक पाडायच्या जागेच्या खाली काय आहे ते गाडी उचलून बघा. इंधनाची नळी, ब्रेकची नळी, वायरिंग इथूनच जातं. सीएनजी गाडीत गॅसची नळीही असते. सीएनजी गाडीत भोक पाडू नका, पोलादी दोरानेच बांधा.

३. सीटखाली पिवळ्या जोडाच्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या असतात. त्यांना हात लावू नका आणि पेटीची कड त्यांच्यावर घासेल अशी ठेवू नका.

४. सीटचे मूळ बोल्ट काढून त्यातच पेटी अडकवायचा जुगाड करू नका. ते बोल्ट अपघातात सीट धरून ठेवण्यासाठी ठराविक ताकदीने आवळलेले असतात.

५. बोल्ट जाड वॉशर लावून घ्या आणि नट पेटीच्या आतल्या बाजूला येऊ द्या. नट बाहेर राहिला तर पाना लावून पेटीच काढता येते.

६. भोकाभोवती गंजरोधक रंग आणि सीलंट लावा, नाहीतर दोन पावसाळ्यांत पत्रा कुजतो.

भोक पाडायचं नसेल तर पोलादी दोर. तो सीटच्या वेल्डिंग केलेल्या चौकटीतून ओवा. सीटची स्प्रिंग, हेडरेस्टचा दांडा, पट्ट्याचं बक्कल यांत अडकवला तर एका झटक्यात निघतो. दोर जितका जाड तितका वेळ जास्त लागतो, बारीक दोर हाताच्या कात्रीनेही तुटतो. दोर किंवा पेटी चोराला कायमचं रोखत नाही, फक्त उशीर करते. गजबजलेल्या जागी त्या उशिरानेच चोर सोडून देतो, ओसाड जागी त्याला घाई नसते. गाडी कुठे लावता हे म्हणूनच पेटीइतकंच महत्त्वाचं.

हे काम तुमच्यासमोर करून घ्या. गाडी दिवसभर सोडून जाऊ नका, पेटीची चावी कारागिराकडे राहू देऊ नका.

तपासा: दोन्ही हातांनी पेटी जोरात ओढा आणि हलवा. जराही खळखळली तर पुन्हा आवळा.

पायरी ५: हत्यार रिकामं करा, तेही गाडीत नाही

गाडीच्या आत, स्टिअरिंगमागे वाकून, रिव्हॉल्व्हर भरणं किंवा रिकामं करणं हे फार धोक्याचं आहे. जागा अपुरी, नळीचं तोंड कुठेतरी माणसाकडेच, शेजारी कोणीतरी बसलेलं. पेटीत ठेवायचंय हे माहीत असेल तर घरूनच रिकामं करून निघा.

पिस्तुलाचा क्रम कायम एकच: बोट ट्रिगरच्या बाहेर, तोंड सुरक्षित दिशेला, आधी मॅगझिन (राउंडचा खण) बाहेर काढा, मग स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबरमधला (नळीच्या मागच्या घरातला) राउंड काढा, स्लाइड मागे अडकवून डोळ्याने बघा आणि करंगळी घालूनही बघा. उलटा क्रम हीच सगळ्यांत जीवघेणी चूक. आधी स्लाइड ओढली आणि नंतर मॅगझिन काढलं, तर मॅगझिनमधला पुढचा राउंड चेंबरमध्ये गेलेला असतो आणि हातातलं मॅगझिन बघून माणसाला वाटतं की हत्यार रिकामं आहे.

रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर उघडा, सगळे राउंड काढा आणि मोजा. भारतीय बनावटीची बहुतेक .३२ रिव्हॉल्व्हर वरून मोडून उघडतात, त्यांत एखादा राउंड अडकून राहतो. प्रत्येक घर नजरेखालून घाला. डबल बार मोडून दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसायला हवा. पंप ॲक्शनमध्ये चेंबरबरोबर खालची मॅगझिन नळीही रिकामी करावी लागते. तिथे राहिलेली काडतुसं लोक विसरतात.

त्यानंतर केबल लॉक (हत्यारातून ओवायचं पोलादी तारेचं कुलूप) लावा. पिस्तुलात तो मॅगझिनच्या जागेतून किंवा चेंबरमधून ओवला की स्लाइड बंद होत नाही, रिव्हॉल्व्हरमध्ये उघड्या भागातून. ट्रिगर लॉकपेक्षा (ट्रिगरवर बसणाऱ्या कुलपापेक्षा) हा बरा, कारण तो लागलाय म्हणजे हत्यार रिकामं आहे हे दिसतंच. भरलेल्या हत्याराला ट्रिगर लॉक कधीही लावू नका, लावताना किंवा काढताना ट्रिगर दाबला जातो.

सावध: काढलेले राउंड खिशात टाकू नका. सुटा एक राउंड खिशात किंवा बॅगेत विसरला आणि न्यायालयाच्या दारात किंवा विमानतळावर तपासणीत सापडला, तर पुढचा दिवस पोलीस ठाण्यात जातो. राउंड मोजून थेट दुसऱ्या पेटीत.

पायरी ६: पोहोचण्याआधीच पेटी बंद करा

ही पायरी लोक सगळ्यांत जास्त चुकवतात. हत्यार पेटीत जायची जागा म्हणजे तुमच्या घराचं आवार, जिथून निघता ते. गाडी लावल्यावर डिकी उघडून, वाकून, इकडेतिकडे बघत काहीतरी ठेवणारा माणूस लांबून ओळखू येतो. गाड्यांवर नजर ठेवणारे याच हालचालीची वाट बघतात.

म्हणून: घरी रिकामं करा, केबल लॉक लावा, पेटीत ठेवा, पेटीचं कुलूप लावा, राउंडची पेटी दुसरीकडे बंद करा, दोन्ही चाव्या गाडीच्या चावीपासून वेगळ्या रिंगमध्ये घाला. मग गाडी काढा. मुक्कामी पोहोचल्यावर गाडी लावून सरळ उतरून चालू लागा.

अचानक काम निघालं आणि हत्यार कमरेला आहे, असं झालं तर? मग आधी घरी किंवा दुकानी परत जा. पुण्याच्या महामार्गावर टेंभुर्णीत किंवा मोहोळला ढाब्यावर असाल आणि ते शक्य नसेल, तर गाडीतल्या एकाने गाडीत थांबावं किंवा परवानाधारकाने स्वतः थांबावं आणि बाकीच्यांनी जेवून यावं. पण थांबणारा दुसरा असेल तर हत्यार कुलपात असावं आणि चावी तुमच्याच खिशात. दुसऱ्याच्या हाती हत्यार देणं कायद्याने फार मर्यादित बाबतीत चालतं: तुमच्यासमोर, किंवा दुरुस्ती, परवाना नूतनीकरण अशा कामासाठी तुमच्या लेखी अधिकारपत्राने. ड्रायव्हर कितीही वर्षांचा विश्वासू असला तरी "तुझ्याकडे राहू दे" म्हणून त्याच्या ताब्यात देऊ नका. यात तुमच्याबरोबर तोही अडकतो.

दुचाकीवाल्यांना स्पष्ट सांगतो. स्कूटरची डिकी, बुलेटची बाजूची पेटी, टाकीवरची बॅग, यांत हत्यार ठेवून दुचाकी सोडून जायचं नाही. त्यावर उपाय नाही, म्हणून पायरीही नाही.

पायरी ७: गाडी कुठे लावायची

वेळेची मर्यादा आधी घाला. एक काम, एक थांबा, मग परत. न्यायालयात तारीख असेल तर नंबर कधी लागेल सांगता येत नाही, त्या दिवशी हत्यार घरीच हवं.

जागा बघताना: कॅमेऱ्याच्या नजरेत, दुकानाच्या दारासमोर, पहारेकरी बसतो तिथे. रात्री उजेडात. डिकीची बाजू भिंतीला लागेल अशी गाडी मागे घेऊन लावा, म्हणजे डिकी उघडायलाच जागा राहत नाही.

नवी पेठ, पार्क चौक, सात रस्ता या भागांत दुसरी भीती आहे, टोइंगची. नो पार्किंगमध्ये किंवा चुकीच्या बाजूला लावलेली गाडी उचलून नेली आणि आत हत्यार असलं, तर ते ना तुमच्या ताब्यात, ना कुलपाच्या भरवशावर. पाटी वाचा, शेजारच्या दुकानदाराला विचारा. बाजार समितीत पहाटे कांद्याच्या गाड्यांची गर्दी असताना चारचाकी कुठेतरी खुपसून लिलावाकडे पळणारे बागायतदार बघतो. खिशात मोठी रक्कम येणार म्हणून हत्यार आणलेलं असतं आणि तेच गाडीत सोडून जातात. रक्कम हातात येते तेव्हा गाडीतलं हत्यार तिचं रक्षण करत नाही. त्यापेक्षा पैसे खात्यावर घ्या.

गाडी चावीसकट दुसऱ्याला द्यायची वेळ येते तेव्हा हत्यार गाडीत नसलंच पाहिजे: हॉटेलचा व्हॅले, वॉशिंग सेंटर, गॅरेज, टायरचं दुकान.

रिमोटने गाडी बंद केल्यावर हँडल ओढून बघा. सिग्नल अडवून कुलूप लागू न देण्याची युक्ती चोर वापरतात. आणि कोणी येऊन सांगितलं की गाडीतून तेल गळतंय, चाक पंक्चर आहे, नोटा खाली पडल्यात, तर आधी सगळी दारं बंद करा आणि मग बघा. लक्ष एका बाजूला वळवून दुसऱ्या दाराने वस्तू उचलायची ही जुनी पद्धत आहे.

सीटवर काहीही दिसू देऊ नका. रिकामी लॅपटॉप बॅग, होल्स्टर, राउंडचं रिकामं खोकं, यांपैकी काही दिसलं तर काच फुटते.

पायरी ८: परत आल्यावर आणि नाकाबंदीत

गाडीजवळ आलात की आधी एक फेरी मारा: काचा, दारांचे रबर, कुलपाभोवतीचे ओरखडे. मग बसा. पेटी हलवून बघा, पण उघडू नका. उघडायचं घरी गेल्यावरच. तिथे हत्याराचा नंबर, राउंडची संख्या वहीशी जुळवा आणि हत्यार घरच्या तिजोरीत हलवा. पेटी गाडीत राहते, हत्यार नाही.

वाटेत नाकाबंदी लागली तर इंजिन बंद करा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा आणि काहीही उघडण्याआधी तोंडाने सांगा की परवान्याचं हत्यार कुलूपबंद पेटीत आहे, परवाना खिशात आहे. पोलीस सांगतील तेवढंच करा. न सांगता डिकीकडे किंवा सीटखाली हात घालू नका.

पावसाळ्यात पेटीतल्या स्पंजमध्ये ओल धरते. त्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि बदलत राहा. चामड्याच्या होल्स्टरसकट हत्यार पेटीत ठेवू नका, चामडं ओल शोषतं आणि नळीवर गंजाचे ठिपके पडतात. उन्हाळ्यात राउंड तासन्‌तास तापत्या गाडीत ठेवल्याने दारू खराब होत जाते आणि राउंड ऐन वेळी दगा देतो.

पायरी ९: चोरी झालीच तर

पहिली काही मिनिटं महत्त्वाची. घाबरून गाडी चालवत घरी जाऊ नका, दार, काच, पेटी यांना हात लावू नका. बोटांचे ठसे तिथेच आहेत. ११२ वर फोन करा, जागा आणि "परवान्याचं शस्त्र चोरीला गेलं" हे शब्द स्पष्ट सांगा. गाडीजवळ एकाला उभं करा.

मग जवळच्या पोलीस ठाण्यात जा. हत्यार किंवा राउंड हरवले, चोरीला गेले तर ताबडतोब जवळच्या ठाण्यात कळवणं ही परवान्याची अट आहे. "घरी नीट शोधून बघतो", "उद्या सकाळी वकिलांना घेऊन येतो" यात गेलेली रात्र पुढे तुमच्याच विरोधात वाचली जाते. त्या हत्याराने मध्येच काही घडलं तर पहिला माग तुमच्या नावापर्यंत येतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे घटना कोणत्याही हद्दीतली असो, ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची आहे. फिर्यादीची प्रत तुम्हाला मोफत मिळते. ऑनलाइन तक्रारीची सोय असली तरी हत्याराच्या बाबतीत स्वतः जा.

फिर्यादीत हे यायलाच हवं: हत्याराचा प्रकार, बोर, बनावट, नंबर, परवाना क्रमांक, यूआयएन, राउंड किती, शेवटचं कधी बघितलं, गाडी किती वाजता लावली, किती वाजता परतलात, कुलपं कोणती होती. वही आणि फोटो इथे कामाला येतात. राउंडची संख्या अंदाजाने सांगू नका. पेटीचे, बोल्टचे, केबल लॉकचे फोटो आधीपासून असतील तर तेही द्या. हलगर्जीपणा झाला नाही हे दाखवायला तोच आधार असतो.

त्याच दिवशी परवाना शाखेला लेखी कळवा आणि प्रतीवर पोच घ्या. शेजारच्या दुकानदारांना कॅमेऱ्याचं चित्रण राखून ठेवायची विनंती करा, कारण बरेच कॅमेरे काही दिवसांत जुन्यावर नवं चित्रण करतात. स्वतः संशयिताच्या मागे जाऊ नका, त्याच्या हातात आता तुमचंच हत्यार आहे.

पेटी फोडायचा प्रयत्न झाला पण हत्यार शाबूत राहिलं, तरीही फिर्याद द्या. तुमच्या गाडीत काय असतं हे कोणाला तरी कळलेलं आहे. पेटीची जागा बदला, कुलूप बदला, गाडीची जादा चावी कोणाकोणाकडे आहे ते आठवा. पहारीचा मार पेटीला बसला असेल तर हत्यार परवानाधारक शस्त्र दुरुस्तीकाराकडून तपासून घेतल्याशिवाय भरू नका. वाकलेला सिलिंडर किंवा चेपलेली नळी वरून कळत नाही.